गरोदरपणातला ताप अंगावर काढू नका

पावसाळ्यात परभणी जिल्ह्यातल्या पिंगळीसारख्या गावात गरोदर बाईला ताप आला, की घरची मोठी माणसं काळजीपोटीच सांगतात, ‘गोळी घेऊ नको, बाळाला बाधेल.’ काळजी खरी, सल्ला धोक्याचा. पहिल्या तिमाहीतला जोराचा ताप बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूच्या घडणीला घातक ठरू शकतो; मुळाशी डेंग्यू, हिवताप किंवा लघवीतला जंतुसंसर्ग असेल, तर आईच्याही जिवावर बेततं. गरोदरपणात घेतलेल्या पॅरासिटामॉल या तापाच्या गोळीमुळे मुलं स्वमग्न होतात, या भीतीला २०२५मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी खतपाणी घातलं. पण स्वीडनमधल्या सुमारे २५ लाख मुलांच्या २०२४च्या अभ्यासात भावंडांची तुलना केल्यावर तसा संबंध दिसला नाही.

म्हणून ताप १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला, की डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच पॅरासिटामॉल घ्यावं आणि त्याच दिवशी रक्त-लघवी तपासून घ्यावी. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊच नये. गोळीने ताप उतरला, तरी दुखणं आत राहू शकतं. रोजंदारी बुडते, परभणी गाठायला पैसे लागतात, ही अडचण खोटी नाही. त्यासाठीच प्रत्येक आशाताईकडे थर्मामीटर आणि हिवतापाची झटपट तपासणी कायम हवी. आणि धाप लागली, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर १०८ला फोन लावायला सुनेला कुणाची परवानगी लागू नये.