नोकरी लागली, आता वयाचा हिशेब मांडा

मैत्रिणींनो, धाकटं मूल बालवाडीत जाऊ लागलं, की आमच्या सोनईसारख्या गावातल्या पदवीधर सुनेला घरात करमेनासं होतं. कपाटातलं बी.ए.चं प्रमाणपत्र आठवतं. कुणीतरी सांगतं, अमक्या शाळेत जागा आहे, तमक्या पतसंस्थेत विचारून बघ. सासूबाईही म्हणतात, "जा की, तेवढाच वेळ जाईल!" नोकरी सुरू होते. त्यात वाईट काहीच नाही. पण वेळ जावा म्हणून धरलेल्या नोकरीत खरंच वर्षं निघून जातात, आणि पुढे काय करायचं ते ठरवायचं राहूनच जातं.

म्हणून पहिला पगार हातात पडायच्या आधी एक वही घ्या आणि वरती स्वतःचं वय लिहा. राज्य शासनाच्या बहुतेक नोकऱ्यांना खुल्या प्रवर्गासाठी वयाची अट ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. आता उलटं मोजत या. समजा, तुम्ही ३१ वर्षांच्या आहात आणि शिक्षिका व्हायचंय. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आहे. त्याच्याआधी सीईटी, आणि पदवीला खुल्या प्रवर्गातून ५० टक्के गुण हवेत. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटीचा दुसरा पेपर, १५० गुणांचा. खुल्या प्रवर्गाला त्यात ६० टक्के मिळवावे लागतात. म्हणजे सगळं एका दमात जमलं तरी चौतिशी आलीच.

पुढे भरतीसाठी अभियोग्यता चाचणी. ही दरवर्षी होते असं समजू नका. ती २०१७ साली झाली, नंतर थेट २०२३ साली आणि मग २०२५ साली. २०१७ मध्ये जी छत्तीस वर्षांची होती आणि "यंदा नणंदेचं लग्न आहे, पुढच्या खेपेला बसेन" म्हणाली, ती पुढच्या खेपेला बेचाळीस वर्षांची होती. असं "पुढच्या खेपेला" म्हणणाऱ्या आपल्यात थोड्या नाहीत! एक बरं आहे, २०२१ पासून टीईटीचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. तेव्हा ती परीक्षा देता येईल तितक्या लवकर द्यावी.

हातातली लहानशी नोकरी सोडा असं मी म्हणत नाही. पण ती कशासाठी करतोय आणि किती दिवस, हे ठरलेलं असावं. दोन शैक्षणिक वर्षं, असं वहीत लिहून टाका. तेवढ्यात वर्गापुढे उभं राहायची भीती जाते, फळ्यावरचं अक्षर सुधारतं. नेमणुकीचं पत्र आणि अनुभवाचा दाखला मात्र लेखी घ्या, आणि पगार स्वतःच्या बँकखात्यात. "घरचीच माणसं आहेत, दाखला कसा मागायचा?" हा संकोच नको.

अनुताई वाघांचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्यांनी शिक्षिकेची नोकरी धरली, पण तिथेच थांबल्या नाहीत. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत जाऊन मॅट्रिकचा अभ्यास करायचा. १९४५ साली पुण्यातली शाळेची कायम नोकरी सोडून त्या बोर्डीला ताराबाई मोडकांकडे गेल्या, कारण लहान मुलांचंच काम करायचं हे आता पक्कं झालं होतं. बी.ए. त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर केलं. पुढे १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. कुणी म्हणेल, त्यांच्यामागे संसार नव्हता. खरं आहे. पण आधारही कुठे होता?

आपल्यामागे संसार आहे, म्हणून घरात बोलणं आलं. नुसतं "मला पुढे शिकायचंय" म्हटलं, की सगळे हो म्हणतात आणि विसरतात. तारखा सांगाव्यात. यजमान आणि सासूबाई दोघंही बसलेले असताना सांगा, की अमक्या महिन्यात सीईटी आहे, तोवर रोज रात्री आठ ते दहा मी अभ्यासाला बसणार. पाहुण्यांचंही आधीच बोलून ठेवा. शिंगणापूर इथून हाकेच्या अंतरावर. शनिअमावास्येला दर्शनाला आलेले सगळे नातेवाईक जेवायला आपल्याकडे! त्या दिवशी पुस्तक उघडायचंच नाही, असं मी सरळ धरून चालते. कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की ज्यांचे यजमान ऊसवाहतुकीत आहेत त्यांना रात्रीबेरात्री उठून ताट वाढावं लागतं. त्यांनी पहाटेऐवजी दुपारची वेळ धरावी.

पस्तिशी उलटलेल्यांनी हा हिशेब पाहून वही मिटू नये. खाजगी शाळा, शिकवणीवर्ग, घरगुती व्यवसाय यांना वयाची ही अट नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. गावरान बियाणं जपायचं एवढं एकच त्यांनी धरलं, आणि २०२० साली पद्मश्री त्यांच्या दारी आली. शिवणकाम असो की मसाले, तिथेही पहिल्या वर्षी गिऱ्हाइकं किती आणि शिल्लक किती, हे आकड्यांत लिहा.

आणि एक काम याच आठवड्यात करा. दहावी, बारावी, पदवीची प्रमाणपत्रं आणि आधारकार्ड शेजारी शेजारी ठेवून नाव ताडून बघा. एकावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर वेलांटीच वेगळी, असं आपल्या निम्म्याजणींचं असतं. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा आणि लागलं तर राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्या. अर्ज निघाल्यावर या कामाला लागलात, तर तो अर्ज हातचा जाईल.