'ओपन द लाईट'

मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये एक मुलगी रूममेटला म्हणाली, "प्लीज, ओपन द लाईट." सगळ्याजणी फिदीफिदी हसल्या. सगळ्यात मोठ्याने मी. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय ना, दुसरं काय! त्या दिवसापासून ती आमच्यासमोर इंग्रजीत बोललीच नाही.

हीच चूक इंग्रजी शिकणारी चिनी मुलं हमखास करतात, हे मला नंतर कळलं. त्यांच्याकडे 'खाय' असं एक क्रियापद आहे (मेसशी काही संबंध नाही!). दार उघडायचं तरी 'खाय', दिवा लावायचा तरी 'खाय', गाडी चालवायची, मीटिंग घ्यायची, फूल उमलायचं, सगळीकडे तेच. आता शब्दकोशात त्याच्यासमोर 'ओपन' दिसला की 'ओपन द लाईट' होणारच. लॉजिक बरोबर आहे, इंग्रजीच विचित्र आहे.

कशी, ते बघा. दार, पुस्तक, छत्री, बँकेतलं खातं, सगळं 'ओपन' होतं. सेहवाग बॅटिंगसुद्धा ओपन करायचा. पण दिवा नाही, पंखा नाही. तिथे 'टर्न ऑन' किंवा 'स्विच ऑन'च पाहिजे. दुकान उघडं असेल तर पाटीवर 'ओपन', मग बंद असेल तर 'क्लोज' हवं की नाही? तर तिथे 'क्लोज्ड'! 'द शॉप इज क्लोज' म्हटलं तर दुकान जवळ आहे असा अर्थ होतो. चिनी पोरं इथेही आपटतात. आणि इलेक्ट्रिकलवाल्यांना विचारा, स्विच ओपन केला की सर्किट तुटतं आणि दिवा जातो. म्हणजे आमच्या ब्रँचमध्ये 'ओपन' केलं की अंधार!

आपली मराठी तरी कुठे सरळ आहे? 'दिवा लाव' म्हणजे चालू कर आणि 'दार लाव' म्हणजे बंद कर. हे एखाद्या चिनी माणसाला समजावून दाखवा.

माझं म्हणणं एवढंच, की कम्युनिकेशन स्किल्सच्या तासाला शब्द आणि समोर एक अर्थ अशा याद्या पाठ करून घेणं बंद करा. 'टर्न ऑन द लाईट', 'ओपन अ‍ॅन अकाउंट' असे जोडीनेच शब्द द्या. यादीतून शिकलेली मुलगी चुकली तर तो यादीचा दोष आहे, तिचा नाही. आणि आम्ही कॉन्व्हेंटवाले चुकत नाही ते हुशार म्हणून नाही, लहानपणापासून कानावर पडलं म्हणून.

परवा तिच्या रूमवर जाऊन सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "ते राहू दे, आधी दार लाव. डास येतायत."