गरम पाण्याच्या कुंडावर जाताय?

थंडी पडू लागली की आपल्याकडे गरम पाण्याच्या कुंडांवर सहली निघतात. तानसा नदीकाठची गणेशपुरी, वज्रेश्वरी आणि अकलोली ही ठिकाणे तर जवळजवळ आहेत. सकाळी एस.टी.ने वज्रेश्वरीला उतरावे, १७३९ च्या वसई विजयानंतर चिमाजी अप्पांनी बांधविलेल्या देवळात दर्शन घ्यावे आणि पायीच अकलोलीच्या कुंडांकडे निघावे, असा बहुतेकांचा बेत असतो. बेत चांगला आहे. घरातील वडीलधाऱ्यांनाही एवढे चालणे झेपते आणि ते त्यांच्या हिताचेच असते.

माझा आक्षेप चालण्याला नाही, कुंडालाही नाही. चालून आल्याबरोबर घामाघूम अंगाने थेट कुंडात उतरण्याच्या आपल्या सवयीला आहे. आपण सहलीला डबा घेतो, पत्ते घेतो, पण पाणी किती गरम आहे आणि त्यात किती वेळ बसायचे याचा विचार कोणी करीत नाही.

शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस. या भागातील काही कुंडांचे पाणी ४५ अंशांच्या वर जाते. बाहेर उकडले तर घाम सुकून अंग थंड होते. गळ्यापर्यंत पाण्यात बसल्यावर ती सोय राहत नाही. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, हृदयाला जास्त काम करावे लागते. अशा वेळी झटकन उभे राहिले की रक्त पायांकडे उतरते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पायाखाली ओला दगड असेल तर पुढचे सांगायला नको. आधी चालून शरीरातील पाणी कमी झालेले, पोट रिकामे आणि सकाळी रक्तदाबाची गोळी घेतलेली, असे सारे जुळून आले की धोका वाढतो.

सर्वांत जास्त काळजी मधुमेहाच्या रुग्णांनी घ्यावी. पुष्कळांच्या पायांच्या संवेदना कमी झालेल्या असतात. ४९ अंशांच्या पाण्यात पाच-दहा मिनिटांत कातडी भाजू शकते आणि यांना ते कळतही नाही. घरी आल्यावर फोड दिसतो, तो चिघळतो आणि प्रकरण पाय वाचविण्यापर्यंत जाऊ शकते. दापोलीजवळच्या उन्हवऱ्याचे पाणी तर उगमाशी ७० अंशांच्या आसपास असते. तेथे उगमात पाय घालण्याचा विचारही नको. गरोदर स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण आणि लहान मुले यांनीही कडक पाण्यात बसू नये. मद्य घेतलेल्या माणसाने तर कुंडाकडे फिरकूच नये.

म्हणून बेत असा आखा. थोडे खाऊन निघा, वाटेत पाणी पीत राहा. पोहोचल्यावर वीस मिनिटे सावलीत बसा. पाणी हाताच्या कोपराने पाहा. मधुमेही व्यक्तीसाठी दुसऱ्याने पाहावे. सोसवेल त्याच कुंडात, दहा मिनिटांहून जास्त नाही आणि एकट्याने कधीच नाही. सावकाश बाहेर या, लगेच नदीच्या गार पाण्यात उडी घेऊ नका. अर्धा तास विसावा घेऊन मगच परत चालू लागा. पावसाळ्यात नदीच्या पात्रात उतरूच नका. वर तानसा धरण आहे आणि ते भरून वाहू लागले की पाणी झपाट्याने चढते.

आणखी एक सूचना. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. तो नाकावाटे मेंदूत शिरतो. हा आजार अतिशय दुर्मीळ, पण बहुधा प्राणघातक. अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराने २०२४ आणि २०२५ मध्ये केरळात चिंता निर्माण केली होती. पाण्यात बुडी मारू नये, नाक वर ठेवावे, एवढे पथ्य पुरेसे आहे.

कुंडाच्या पाण्याने सांधेदुखी, त्वचारोग बरे होतात अशी अनेकांची श्रद्धा आहे. उबेने आखडलेले सांधे काही वेळ मोकळे होतात, हे खरे. पण त्या भरवशावर गोळ्या बंद करणे हा घातक उपाय आहे.

शेवटी एक मागणी. देवस्थानांनी व ग्रामपंचायतींनी प्रत्येक कुंडाशी पाण्याचे तापमान आणि बसण्याची वेळ लिहिलेला फलक लावावा. एक तापमापक आणि रंगाचा एक डबा, एवढाच खर्च. फलक लागेपर्यंत आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी ते काम आपणच करायला हवे.