चहा, कॉफी आणि शिळी भाकरी

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरकडे पायी निघालेल्या भाविकांना ४५ किलोमीटरच्या त्या वाटेवर पाण्याच्या खालोखाल काही मिळत असेल, तर तो चहा. धाराशिव जिल्ह्यात आतिथ्याचे दुसरे नावच चहा आहे. संपर्कासाठी दहा घरी गेलेला कार्यकर्ता दहाही ठिकाणी ‘अर्धाच द्या’ म्हणतो आणि दिवेलागणीपर्यंत पाच पूर्ण कप त्याच्या पोटात गेलेले असतात. नकार दिला तर गृहिणीचा अवमान, स्वीकारला तर पित्ताला आमंत्रण!

अलीकडे शहरातील सुशिक्षित कुटुंबांत या पित्तावर एक उपाय सुचवला जातो : चहा सोडा, कॉफी घ्या. हा सल्ला तपासून पाहण्यासारखा आहे.

मुळात चहा हे काही आपले पूर्वापार पेय नव्हे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य ओढवले. तेथे आक्षेप चहाच्या गुणदोषांवर नव्हता, तो कोणाच्या हातून घेतला यावर होता, ही गोष्ट वेगळी. आसामच्या मळ्यांतील चहा तेव्हा प्रामुख्याने विलायतेसाठी पिकत होता. १९०३ च्या कायद्याने चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. १९३० च्या दशकातील जागतिक मंदीत माल पडून राहू लागला, तेव्हा मळेवाल्यांना भारतीय ग्राहकाची खरी आठवण झाली. जत्रांतून आणि बाजारांतून फुकट कप वाटले गेले. आज ज्याला आपण घरचा संस्कार समजतो, त्यामागे मळेवाल्यांचा हिशेब होता. कॉफीची कथा याहून जुनी आहे. बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून आणलेले दाणे चिकमगळूरच्या डोंगरात रुजवले, असे परंपरा सांगते. मराठी घरात मात्र ती जायफळ-वेलदोडा घातलेली, दुधाळ, पाहुण्यांपुरतीच राहिली.

असो. इतिहासावरून प्रकृतीचा निवाडा होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार १५० मिलीलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि दाणे दळून केलेल्या कॉफीत ८० ते १२०. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅमची. म्हणजे पित्त आणि निद्रानाश यांनी त्रासलेल्या माणसाने चहाऐवजी तितकेच कप कॉफी घेणे हा उपाय नव्हे. कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे विकार आणि मधुमेह कमी आढळतो, असे अनेक दीर्घकालीन पाहण्या सांगतात. पण त्यांतील बहुतेक पाहण्या पाश्चात्त्य देशांतील आहेत आणि आपल्या कपातील साखरेला त्या लागू करता येत नाहीत. कपाला दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. पाच कपांत ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेसाठी २५ ग्रॅमच्या आत राहणे श्रेयस्कर मानते. उसाच्या जिल्ह्यात हे सांगणे कडू वाटेल, पण चहा-कॉफीच्या वादात खरा अपराधी बहुधा तिसराच असतो.

(बशीत ओतून, फुंकर घालून चहा पिणाऱ्या आजोबांना हसणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, ६५ अंशांहून अधिक तापलेली पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवले आहे.)

याहून गंभीर गोष्ट पित्ताच्या पलीकडे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. भूम-परंड्याकडची शेतमजूर स्त्री पहाटे उठून भाकरी थापते, रात्रीची शिळी भाकरी चहात कुस्करून खाते आणि खुरपे घेऊन निघते. ज्वारीत आणि डाळीत लोह आहे. पण वनस्पतिजन्य लोह शरीर आधीच कमी घेते आणि चहातील तुरट द्रव्ये ते आणखी अडवतात. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जेवणासोबतच्या चहाने लोहाचे शोषण ६४ टक्क्यांनी घटले, कॉफीने ३९ टक्क्यांनी. तीच कॉफी जेवणाआधी तासभर घेतली, तेव्हा शोषण घटले नाही. पोषण संस्थाही जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास दोन्ही पेये टाळण्यास सांगते. याला पैसा लागत नाही, घड्याळ लागते. सरकारी दवाखान्यातून मिळालेली लोहाची गोळी चहासोबत गिळणाऱ्या भगिनीला हे कोणीतरी घरी जाऊन सांगायला हवे.

त्या घरातील लेकरूही तीच चहा-भाकरी खाते. गोठ्यातील दूध डेअरीवर आणि खव्याच्या भट्टीवर जाते, आणि दुष्काळी जिल्ह्यात त्याच पैशावर संसार चालतो. त्या आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. मात्र दाराशी बांधलेली उस्मानाबादी शेळी दुधासाठीही पाळली जाते. तिचे उकळलेले पेलाभर दूध चहाच्या भांड्यात न जाता त्या लेकराच्या वाटीत पडणे अवघड नाही. संपर्काला गेलेल्या कार्यकर्त्यानेही अशा घरी ‘अर्धाच द्या’ म्हणण्याऐवजी ‘आज फक्त पाणी’ म्हणावे आणि मुलाने सकाळी काय खाल्ले ते विचारावे.