पिशवी काढण्याआधी थायरॉईड तपासला का?

दिवाळी तोंडावर आली की गेवराईतून ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. मुकादमाची उचल, खाड्याचा दंड यावर बरेच लिहून झाले. थायरॉईड मात्र चर्चेत फारसा आलाच नाही.

गळ्यातली ही ग्रंथी मंदावली की थकवा येतो, वजन वाढते आणि पाळीत अंगावरून जास्त जाऊ शकते. त्याला गाठींसारखी इतरही कारणे असतात. पण थायरॉईडचे कारण टीएसएच या रक्तचाचणीत कळते आणि रोजच्या गोळीने आटोक्यात येते. अशा बाईची पिशवी काढली तर रक्तस्राव थांबेल, थकवा तसाच राहील. म्हणून पिशवीच्या शस्त्रक्रियेआधी टीएसएचचा रिपोर्ट सक्तीचा करावा, असे माझे मत आहे.

गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची. पहाटेच फडात जाणाऱ्या बाईला हेही सोपे नाही. शिवाय डोस लागू पडला का, हे सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते, आणि तोवर टोळी परजिल्ह्यात नाहीतर कर्नाटकात. त्यामुळे तपासणी पावसाळ्यातच, बायका गावी असताना व्हावी. निघताना हंगामभराच्या गोळ्या सोबत द्याव्यात.