शैवाल वेशीबाहेर राहत नाही

भोंगवलीहून भोर, भोरहून वरंध घाट, घाटाखाली महाड. २० मार्चला चवदार तळ्यावर जाणाऱ्या आमच्या भीमसैनिकांना ही वाट पाठ आहे. महाडची सावित्री पुढे बाणकोटला समुद्राला मिळते. आज त्या समुद्राविषयी लिहायचे आहे. डोंगरातल्या माणसाला समुद्राशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याने पुढे वाचावे.

समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन, हे फूल नव्हे. खडकाला चिकटून राहणारा प्राणी आहे. त्याच्या अनेक जातींच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशात साखर तयार करून प्राण्याला देते, प्राणी त्याला आसरा आणि नत्र देतो. प्रवाळांचेही असेच. पण पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, की शैवालाची अन्न बनवण्याची यंत्रणा बिघडते, पेशींना इजा करणारा ऑक्सिजन तयार होतो आणि प्राणी शैवालाला बाहेर टाकतो. मग तो पांढरा पडतो. ताप लवकर उतरला तर शैवाल पुन्हा वस्तीला येते. लांबला तर प्राण्याची उपासमार होते.

ही जोडी पाहून समरसतेच्या प्रवचनकारांना उमाळा येईल. बघा, निसर्गातही प्रत्येकाचे काम ठरलेले! बलुतेदारीचे गोडवे असेच गायले गेले. गावाने महाराला काय दिले? मेलेले ढोर ओढण्याचे काम आणि शिळी भाकरी. शैवाल पेशीच्या आत राहते, वेशीबाहेर नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त समाजातील देवाणघेवाणीसाठी 'एंडॉस्मोसिस' हा जीवशास्त्रातलाच शब्द वापरला, तो पडद्यातून आरपार होणाऱ्या अभिसरणासाठी. जात हा तसा पडदा नाही. ती भिंत आहे.

आता तापाकडे वळू. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले. तिथले प्रवाळ २०१४ पासून वारंवार पांढरे पडल्याची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केली आहे. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत; तोडणाऱ्याला शिक्षा होते. तापलेल्या पाण्याला कोणत्या कलमाखाली पकडणार? कोळसा आणि तेल जाळणारे दूर राहिले, मासळी घटली की रापणकराची चूल विझते.

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या दाव्यात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क मान्य केला, आणि तो कलम २१ बरोबरच कलम १४ मध्येही पाहिला. आमच्या मते यातले कलम १४ महत्त्वाचे. ताप सर्वांना सारखा लागत नाही. पत्र्याच्या घरातली बाळंतीण आणि वातानुकूलित दालनातला अधिकारी एकाच उन्हाळ्यात राहत नाहीत. चळवळीतल्या वकिलांनी हा निकाल मुळातून वाचावा. दुपारच्या कामाचे तास, वस्तीतले पिण्याचे पाणी, रोजंदारी बुडाल्याची भरपाई, हे सारे आता समानतेचा हक्क म्हणून मागता येईल. आपल्या तालुक्यातून असा पहिला अर्ज अजून जायचा आहे.