रॅमच्या महागाईने बिघडवले गेमिंग संगणकाचे गणित

मुंबई, प्रतिनिधी : सुटे भाग निवडून गेमिंगसाठी संगणक जोडून घेणाऱ्या तरुणांचा हिशेब वर्षानुवर्षे ठरलेला होता. हाती असलेल्या रकमेतील मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यायचा, उरलेल्यातून प्रोसेसर व मदरबोर्ड घ्यायचा आणि रॅमची खरेदी किरकोळ बाब म्हणून शेवटी उरकायची. २०२५ च्या अखेरीस हा हिशेब कोलमडला. डीडीआर-५ रॅमच्या किमती काही महिन्यांत दुपटीहून अधिक वाढल्या आणि मध्यमवर्गीय कुटुंबाने बेतलेले अंदाजपत्रक एका सुट्या भागाने उधळून लावले.

या महागाईचे मूळ लॅमिंग्टन रोडवरील दुकानांत नाही. जगातील बहुतांश रॅम चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या तयार करतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी अतिवेगवान मेमरीही त्यांच्याच कारखान्यांतून येते आणि तिच्यात नफा अधिक आहे. साहजिकच घरगुती संगणकासाठीचा पुरवठा आटला. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' या नावाने चालणारा, सुमारे तीन दशकांचा ग्राहकविक्रीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. छोट्या ग्राहकाचे बाजारातील स्थान काय, हे त्यातून पुरेसे स्पष्ट झाले.

देशांतर्गत उपायांतूनही तातडीचा दिलासा संभवत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हा ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मात्र रॅम, प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डावर आधीपासूनच १८ टक्के कर होता. त्यामुळे तेथे काहीच बदलले नाही. गुजरातेत साणंद येथे मायक्रॉनने उभारलेला प्रकल्पही चिपच्या जुळणीचा व चाचणीचा आहे. मूळ चिप बाहेरूनच येते.

अशा स्थितीत 'कोणता भाग सर्वांत वेगवान' यापेक्षा 'कोणता भाग नंतर वाढवता येईल' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. एएमडीचा एएम-४ हा जुना मंच डीडीआर-४ रॅमवर चालतो. घरातील जुन्या संगणकात अशी रॅम असेल, तर तीच वापरून त्या मंचावर जोडणी करणे किफायतशीर आहे. सर्वस्वी नवी खरेदी करणाऱ्याने मात्र २०२२ मध्ये आलेला एएम-५ मंच घ्यावा. त्यावर केवळ डीडीआर-५ रॅम चालते, पण पुढील काळात नवा प्रोसेसर बसवण्याची वाट मोकळी राहते. प्रारंभी १६ जीबीची एकच रॅम बसवून दुसरा खाचा रिकामा ठेवला, तर वेग काहीसा घटतो. परंतु ही उणीव नंतर भरून काढता येते. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांनी मात्र ही तडजोड टाळावी, कारण तेथे ग्राफिक्सचे कामही याच रॅमवर चालते.

ग्राफिक्स कार्ड मॉनिटर पाहून निवडावे. फुल एचडी पडद्यासाठी ८ जीबीचे कार्ड चालते, पण अनेक नव्या गेममध्ये चित्राचा दर्जा कमी करावा लागतो. काटकसर करायचीच तर ती शोभेच्या दिव्यांत व काचेच्या कॅबिनेटमध्ये करावी. एसएमपीएसमध्ये कदापि नाही. निकृष्ट एसएमपीएस बिघडला, तर इतर महागडे भागही निकामी होण्याचा धोका असतो. त्याच्यावरील '८० प्लस' हे चिन्ह विजेच्या कार्यक्षमतेपुरते असते, सुरक्षिततेची हमी नव्हे. कर वाचवण्यासाठी बिलाविना केलेली खरेदीही अखेर महागात पडते. वॉरंटीचा दावा पक्क्या बिलावरच उभा राहतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांवरील खेळांना बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. खेळाला प्रतिष्ठा मिळाली, त्याच वर्षी त्याचे साधन महागले. ज्या संगणकावर मुलगा रात्री खेळतो, त्यावरच तो दिवसा प्रोग्रॅमिंग शिकतो, चित्रफिती संपादित करतो. त्यामुळे रॅमच्या महागाईचा हा प्रश्न केवळ हौशी खेळाडूंचा म्हणून सोडून देता येणार नाही.